शेंदराचा संशय

‘रक्ताभिसरण’ हा शब्द मी त्या वर्गात हजार वेळा उच्चारला असेल. त्या दिवशी ‘रक्ता’ एवढंच बाहेर आलं, पुढं नुसती हवा. समोरची मुलं हसली. मीही हसलो, पाणी प्यायलो, कॉलरचा माईक थोडा वर ओढला आणि तास पूर्ण केला.

मी लातूरला एका खासगी क्लासमध्ये नीटच्या मुलांना जीवशास्त्र शिकवतो. मूळचा मुदखेडचा. आमच्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्या नावानं आला. वडील रेल्वेच्या रुळांवर गँगमन होते, ते आता नाहीत. माय फुलांच्या मळ्यात रोजानं जायची. तिला अक्षर येत नाही. पण मी दहावीला असताना पुस्तक उघडून बसलोय की पेंगतोय, हे तिला चुलीजवळून बरोबर कळायचं.

ज्यांचा आवाज तीन आठवड्यांहून जास्त दिवस बसलाय आणि जे अजून मिठाच्या गुळण्याच करत आहेत, त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. दुसरं कारण माझं स्वतःचं आहे. त्या वर्षात आजारानं माझं जेवढं नुकसान केलं, त्याहून जास्त मी माझ्या संशयानं दुसऱ्याचं केलं. ते कुठंतरी लिहून ठेवायला हवं होतं.

पान

आमची एक गायन पार्टी आहे. पेटी, ढोलकी, खंजिरी आणि दोन गळे. एक माझा, दुसरा किशोरचा. किशोर चौथीपासूनचा मित्र. मुदखेडला स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्याची पानपट्टी आहे. जयंतीच्या महिन्यात आम्ही गावोगाव भीमगीतं गातो. सुरुवातीची वंदना आणि पहिलं गाणं माझं, हे पार्टी सुरू झाल्यापासून ठरलेलं. मी ओळ टाकायची, किशोरनं उचलायची. जयंतीच्या आधी दोन-अडीच महिने, शनिवारी मी लातूरहून आलो की त्याच्या घरच्या पुढच्या खोलीत सराव चालायचा. खोली लहान. गुडघ्याला गुडघा लागायचा. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून दार-खिडकी लावून घ्यायची.

त्या वर्षी शेवटच्या कार्यक्रमाला, मंचावर चढायच्या आधी, किशोरनं स्वतःच्या हातानं मला विडा दिला. नेहमीसारखाच. काथ, चुना, बडीशेप, खोबरं. मी खाल्ला आणि गायलो. तिसऱ्या दिवशी लातूरच्या वर्गात माझा आवाज गेला.

हा हिशोब तेव्हा माझ्या डोक्यात नव्हता. तो मामानं घातला.

मामाचं निदान

मे महिना गुळण्यांत, ज्येष्ठमधात आणि गोळ्यांत गेला. लातूरच्या एका डॉक्टरांनी ॲसिडिटी सांगितली, दुसऱ्यांनी ‘घशाला आराम द्या’ म्हणून सांगितलं. दोघांनीही आरशानं घसा बघितला नाही आणि मीही बघा म्हणालो नाही. दोन दिवस आवाज थोडा यायचा, मला हुरूप यायचा, मी तास घ्यायचो आणि परत बसायचा. वजन कमी झालं होतं. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. गिळताना कानापर्यंत कळ जायची. जागरण, परीक्षेचा हंगाम, लातूरचं ऊन, प्रत्येकाला मी एकेक कारण वाटून दिलं होतं.

जूनच्या सुरुवातीला घरी आलो तेव्हा नामदेवमामा बसला होता. मायचा भाऊ. तरुणपणी तोही पार्टीत गायचा. त्या काळी दोन पार्ट्यांचे सामने लागायचे. तेव्हाच्या गायकांचा एक नेम होता, समोरच्या पार्टीच्या हातचं पान खायचं नाही आणि पाणी घरून न्यायचं. कारण एकच, कुणी शेंदूर चारला तर गळा कायमचा जातो. मामाचा आवाज चाळिशीत फाटला. ‘मला चारला’ हे तो आजही शपथेवर सांगतो.

मामानं माझ्याकडं बघून विचारलं, “आवाज एकाएकी गेला का हळूहळू?”

मी खुणेनं सांगितलं, एकाएकी.

“त्या आधी कुणाच्या हातचं काय खाल्लंस?”

मी काही म्हणायच्या आत माय म्हणाली, “किशोरचं पान. दुसऱ्या कुणाचं खातंय हे?”

मामानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, “काथाच्या लालीत शेंदूर दिसत न्हाई.”

आमच्या घरात देव्हारा नाही. शेंदूर फासलेल्या दगडापुढं हात जोडणं माझ्या आजोबांनीच सोडलं. विहारात उभं राहून मीही बावीस प्रतिज्ञा म्हटल्या आहेत. वर मी जीवशास्त्राचा पदवीधर. ‘असं काही नसतं’ म्हणून मी मान हलवली आणि उठून गेलो. पण देव सोडले तरी शेंदराची भीती आमच्या घरातून गेली नव्हती, हे त्या दिवशी कळलं. बाहेर ओट्यावर बसून मी हिशोब मांडत होतो. मी गेलो तर पहिलं गाणं कुणाचं? मेमध्ये एका लग्नात पार्टीला बोलावणं आलं, तेव्हा वंदना कुणी घेतली? किशोरनं. त्याचा व्हिडिओ मी दहा वेळा बघितला. तो चांगला गायला होता. तेच मला खुपलं.

मी पानपट्टीवर जाणं बंद केलं. किशोरचा फोन आला की वाजू द्यायचो. आवाज नसलेल्या माणसाला फोन न उचलायला कारण लागत नाही. एकदा तो घरी आला. मी आत जागा होतो. माय दारातूनच म्हणाली, “झोपलाय.”

“सकाळी अकराला?” किशोर म्हणाला. “बरं. उठला की सांगा, जुना ज्येष्ठमध आणलाय. इथं ठिवतो.”

ती पुडी मायनं काठीनं ढकलत गटारीत टाकली. मी खिडकीतून बघत होतो.

नाव पुकारल्यावर

शेवटी बायकोनं ऐकलं नाही. सुनीता लातूरला अंगणवाडीत काम करते आणि कागद नीट वाचते. आठ आठवडे झाले म्हणाली आणि मला नांदेडच्या एका मोठ्या दवाखान्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं नेलं.

तिथं पहिल्याच दिवशी माझा नंबर दोनदा गेला. सुनीता कागद काढायला खाली गेली होती. आतून नाव पुकारलं. मी ‘ओ’ दिली, पण ती माझ्या शेजारच्यालाही ऐकू गेली नाही. उठून दारापर्यंत जाईतो पुढचा माणूस आत शिरला होता. दुसऱ्यांदाही तेच झालं. दाराशी बसलेल्या आयाबाई म्हणाल्या, “कामून इकडं-तिकडं फिरून राहिलात?” मी घशाला हात लावला. त्या आत गेल्या आणि स्टीलचा पेला आणि चमचा घेऊन आल्या. “नाव आलं की वाजवा, सर. लाजू नका. हितं समदेच कायतरी वाजवून राहिलेत.” मला सर कशावरून म्हणाल्या ते कळलं नाही. कदाचित खिशाच्या पेनावरून. पुढं तो पेला माझ्याजवळच राहिला.

डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घातली आणि मला समोरच्या पडद्यावर माझंच स्वरयंत्र दाखवलं. आयुष्यभर मी त्याचं चित्र फळ्यावर काढलंय. दोन पांढऱ्या पट्ट्या, मधे त्रिकोण. माझ्या पट्ट्या पांढऱ्या नव्हत्या. एक सुजून लाल झालेली, तिच्यावर खडबडीत उंचवटा, कडा कुरतडल्यासारखी.

“तुकडा काढून तपासावा लागेल,” डॉक्टर म्हणाले.

मी पाटीवर लिहिलं, ‘कॅन्सर?’ पाटी माझ्या मुलीची होती, मैत्रीची. ती पहिलीत आहे. पाटीच्या कडेला तिनं काढलेलं फूल होतं.

“आत्ताच काही म्हणता येत नाही. पान, तंबाखू?”

‘तंबाखू नाही. पान कधीतरी.’ मग जरा थांबून मी खाली लिहिलं, ‘शेंदरानं असं होतं का?’

सुनीतानं माझ्याकडं बघितलं. तिला यातलं काही माहीत नव्हतं. डॉक्टर हसले नाहीत. याचे मी आजही आभार मानतो. म्हणाले, “शेंदूर विषारी असतो, कुणी खाऊ नये. पण तो पोट बिघडवेल, नसा बिघडवेल. स्वरपट्टीवर असा उंचवटा आणणार नाही. तुमच्याआधी तीन गायकांनी मला हेच विचारलंय.”

मी मान हलवली आणि मनात म्हणालो, यांना आमच्याकडचं काय माहीत.

भूल द्यायच्या आधी छातीचा फोटो काढला. तो हातात धरून डॉक्टरांनी सुनीताला बाजूला बोलावलं. काचेपलीकडं दोघं बोलत होते आणि सुनीता मान हलवत होती. परत आल्यावर म्हणाली, “काही नाही, नेहमीचंच.” तेव्हापासून मी तिच्याकडंही संशयानं बघू लागलो. ती डबा उघडताना वळली की वाटायचं, डोळे पुसतेय. फोनवर हळू बोलली की वाटायचं, माझ्या पश्चात घर कसं चालवायचं ते ठरवतेय. ज्याला बोलता येत नाही त्याला वाटतं, सगळे त्याच्याचबद्दल बोलतायत. ती बिचारी शेजारणीला मैत्रीच्या वेण्या घालायला सांगत होती.

रिपोर्ट

तुकड्याचा रिपोर्ट आठ दिवसांनी आला. खिडकीतून सुनीतानं पाकीट घेतलं, तिथंच उघडलं, वाचलं, घडी घालून पर्समध्ये टाकलं आणि खांबाआड जाऊन उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

मी जाऊन पर्स ओढली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या हातातून काही हिसकावलं. कागदावर बरंच होतं, मी एकच शब्द शोधत होतो, तो सापडेना. दुसराच सापडला. क्षयरोग.

“कॅन्सर नाही हो,” सुनीता रडत म्हणाली. “टीबी आहे. घशाचा टीबी. छातीत पण डाग आहे. डॉक्टर त्या दिवशी म्हणाले होते, हा डाग टीबीचा निघाला तर आपलं नशीब. तुम्हाला कसं सांगू? टीबी निघू दे म्हणून मी आठ दिवस…” आणि ती रडता रडता हसायला लागली. मीही.

बाकावरची माणसं आमच्याकडं बघत होती. टीबी आहे म्हणून हसणारं जोडपं त्यांनी पहिल्यांदाच बघितलं असावं. मी पेल्यावर दोनदा चमचा वाजवला. आयाबाई लांबून हात हलवून हसल्या.

घशातही टीबी होतो, हे मी वर्गात एका ओळीत शिकवत आलो होतो. तो हवेतून पसरतो, बंद खोलीत जास्त पसरतो, ताटातून किंवा पेल्यातून नाही, हेही शिकवत होतो. औषध सहा महिने. पूर्ण घेतलं तर बरा होतो. शिकवलेलं सगळं आता मलाच गिळायचं होतं.

यादी

पहिले काही आठवडे घरीच राहायचं ठरलं. म्हणून मी मैत्रीला घेऊन मुदखेडला मायकडं आलो, सुनीता नोकरीसाठी लातूरला राहिली. मागच्या खोलीत खाट, उघडी खिडकी, तोंडाला मास्क. मैत्रीनं दारातून पाढे म्हणायचे, मी पेला वाजवून बरोबर-चूक सांगायचं.

चौथ्या दिवशी सरकारी क्षयरोग विभागाच्या ताई आल्या. स्कूटी, डोक्याला ओढणी, हातात फॉर्म. आधी औषधाचं सांगितलं. सकाळी उपाशीपोटी, वजनाप्रमाणं गोळ्या, एकही दिवस चुकवायचा नाही. “लघवी केशरी होईल. घाम, डोळ्याचं पाणी पण कधीकधी केशरी येतं. घाबरायचं नाही, गोळीचाच रंग आहे.” तेव्हा खोलीत मी एकटाच होतो. माय पाणी आणायला गेली होती.

मग त्या म्हणाल्या, “आता नावं सांगा. गेल्या तीन महिन्यांत तुमच्याबरोबर बंद जागेत कोण कोण बसलं? सगळ्यांची तपासणी करायची.”

मी लिहून दिलं. माय. सुनीता. मैत्री. लातूरचा वर्ग. क्लासच्या मालकांनी आधीच निरोप दिला होता, ‘सर, बाहेर ॲसिडिटीच सांगा.’ तरी मी वर्ग लिहिला. पेटीवाला, ढोलकीवाला, खंजिरीवाला.

“एवढेच?” ताईंनी विचारलं.

मी मान हलवली. एवढेच.

किशोरचं नाव मी लिहिलं नाही. का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. लाज होतीच. महिनाभर तोंड चुकवलेल्या माणसाच्या दारात माझ्या नावानं सरकारी माणूस जाणार. पण लाजेखाली दुसरंही काही होतं. रिपोर्ट हातात असूनही मनाचा एक कोपरा म्हणत होता, टीबी नंतर आला असेल, आधी शेंदरानं गळा कच्चा केला असेल. ज्यानं दिलं त्याची काळजी मी का करू? शिकलेल्या माणसाचा संशय असा असतो. पुरावा आला तरी तो उठून जात नाही, थोडा सरकून बसतो.

बनियन

गोळ्या सुरू झाल्यावर ताईंनी सांगितलं तसंच झालं. आठवडाभरात पांढऱ्या बनियनच्या काखेत, गळ्याशी, फिकट केशरी डाग पडले. उशीच्या अभ्र्यावरही एक होता.

माय नळावर कपडे धूत होती. साबणाचा आवाज थांबला. ती बनियन हातात धरून दारात आली. पाणी गळत होतं.

“संजू, हे काय हाय?”

मला माहीत होतं. हे मला इथं स्पष्ट लिहायचंय. गोळीचा रंग आहे, हे कुजबुजून सांगता आलं असतं. सुनीता लातूरला होती, पण तिच्याशी फोन लावून देता आला असता. गोळीचं पाकीट दाखवता आलं असतं. मी काहीच केलं नाही. घशाकडं बोट दाखवलं, बोलता येत नाही अशी खूण केली आणि भिंतीकडं तोंड केलं.

“शेंदूर,” माय म्हणाली. “घामातून निघून राहिलाय. माझ्या लेकराच्या अंगातून शेंदूर निघून राहिलाय!”

ती तशीच निघाली. ओल्या हातानं, ओलं बनियन घेऊन. तेव्हा मी उठलो. कारण ती कुठं चाललीय ते मला कळलं. दारात येऊन मी ‘माय’ म्हणून ओरडलो. निदान ओरडायला तोंड उघडलं. हवा गेली. ती गल्लीच्या वळणाला पोचली होती. मी मास्क चढवून मागं पळालो. पन्नास पावलांत दम लागला. रस्त्यात ओळखीची माणसं ‘काय झालं सर?’ विचारत होती आणि मला एकालाही ‘तिला थांबवा’ एवढं म्हणता येत नव्हतं.

पानपट्टीवर पाच-सहा गिऱ्हाइकं होती. मी पोचलो तेव्हा मायनं बनियन दोन्ही हातांनी पसरून धरलं होतं.

“बघा समदे! ह्यानं काय केलं ते बघा! लहानपणी माझ्या ताटात जेवला आन् माझ्याच लेकराला शेंदूर चारला!”

एक जण हसत म्हणाला, “किशोर, तुझ्या पानाचा रंग लईच चढतो की रे.”

“ए, गप ऱ्हाय,” किशोर म्हणाला. त्यानं हात पुसले, फळीखालून वाकून बाहेर आला. मला वाटलं तो चिडेल, मायला बोलेल, मला बोलेल. त्यानं बनियन हातात घेतलं. काखेचा डाग उजेडात धरला. मग माझ्या मास्ककडं बघितलं. गिऱ्हाइकांना म्हणाला, “जरा पुढं व्हा रे. पाच मिन्टं दुकान बंद.”

ती हलली. मग तो मायला म्हणाला, “मावशी, हे शेंदराचं न्हाई. गोळीचं हाय. तपकिरी, लांबट गोळी. सकाळी उपाशीपोटी घ्यायची. हाव का न्हाई रे?”

मी मान हलवली.

“तुला काय ठावं?” मायनं विचारलं.

“बापूच्या बनियनला असेच पडायचे. मी धुतलेत. गल्लीतल्या नळावर न्हाई, मागं, कुणी नसताना. दोन वर्सं झाली.”

बापू म्हणजे किशोरचे वडील. सरावाच्या वेळी ते आतल्या खोलीत, पडद्यापलीकडं खाटेवर असायचे. खोकायचे. आम्ही त्याला बिडीचा खोकला म्हणायचो. ढोलकीवाला तर म्हणायचा, बापू ताल चुकला की खोकतात.

“सहा महिने घ्यायच्या होत्या,” किशोर म्हणाला. “चौथ्या महिन्यात अंगावर मांस आलं आन् म्हणले, आता कामून? म्या बी जोर केला न्हाई. वाटलं, गिऱ्हाइकाला कळलं तर पानपट्टीवर कोण येईल? टीबीवाल्याच्या घरचं पान कोण खाईल?” त्यानं माझ्याकडं बघितलं. “तुला बी सांगितलं न्हाई. तुला सांगायला पायजे होतं.”

माय बनियन घडी करू लागली. ओल्या बनियनची घडी होत नव्हती. ती तरी करत राहिली.

“आन् संज्या,” किशोर म्हणाला, “तुझा वरचा सूर जयंतीच्या आधी महिनाभर लागत न्हवता. म्या खालून उचलून राहिलो होतो, तुला कळू नये म्हणून. वंदना घ्यायची हौस असती तर तवाच घेतली असती. पान कशाला खराब करू?”

मला उत्तर द्यायचं होतं. माझ्याजवळ पाटी नव्हती, पेलाही नव्हता.

दुसरी यादी

त्या दिवशी संध्याकाळी मी ताईंना मेसेज केला. ‘एक घर राहिलं.’ पत्ता दिला.

बापूंची थुंकी तपासली. टीबी परत उठला होता, आणि या वेळी जास्त तपासण्या, जास्त देखरेख लागणार होती. किशोरची तपासणी स्वच्छ निघाली. त्याच्या दोन्ही लेकरांना आणि आमच्या मैत्रीला प्रतिबंधाच्या गोळ्या सुरू झाल्या. लातूरच्या वर्गातल्या मुलांची तपासणी होईपर्यंत माझी झोप उडाली होती. कुणालाच आजार निघाला नाही.

मी ताईंना लिहून विचारलं, ‘मला बापूंकडून आला का?’

“असेल. नसेलही,” त्या म्हणाल्या. “कुणी कुणाला दिला हे शोधायला मला वेळ नसतो, सर. कुणाकुणाला आहे एवढंच मी शोधते. तुम्ही पहिल्याच दिवशी नाव दिलं असतं तर म्हातारबाबांना बारा दिवस आधी गोळी सुरू झाली असती.”

बारा दिवस. त्या आजाराच्या हिशोबात फार नसतील. पण त्या बारा दिवसांत बापूंच्या खाटेवर त्यांची नातवंडं पत्ते खेळत होती.

आवाज परत येणं हे दिवे येण्यासारखं नसतं. एक-एक अक्षर येतं. दोन महिन्यांनी ‘म’ आला, मग ‘ब’. डॉक्टरांनी कुजबुजायला सक्त मनाई केली होती, त्यानं पट्ट्यांवर जास्त ताण येतो. सप्टेंबरात मी मैत्रीला पूर्ण नावानं हाक मारली. ती ‘काय बाबा’ म्हणून आली नाही, दारात उभी राहून ‘परत म्हणा’ म्हणाली. सहा महिन्यांनी औषध संपलं तेव्हा माझा आवाज खाली उतरला होता. वरचा सूर आता लागत नाही आणि लागणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. वर्गात मी बसून, माईकवर, हळू शिकवतो. खिडक्या उघड्या ठेवतो. एसी चालत नाही म्हणून मुलं कुरकुरतात. कुरकुरू द्या.

ज्यांचा आवाज बसलाय त्यांना एवढंच सांगतो. तीन आठवड्यांत सुटला नाही तर कुणाला तरी आतून बघू द्या. माझ्यासारखा टीबीच असेल असं नाही, साधी गाठ असेल, नस असेल, आणखी काही असेल, ते डॉक्टर सांगतील. संध्याकाळी ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर तेही सांगा. आणि यादी मागितली तर पूर्ण द्या.

विडा

किशोर दोन महिने आमच्या घरी आला नाही. मी पानपट्टीवरून जायचो, तो मान हलवायचा, मीही. बापूंच्या गोळ्या तो स्वतः समोर उभा राहून द्यायचा, हे मला ताईंकडून कळायचं. माफ केलं असं तो कधी म्हणाला नाही. माफ कर असं मी म्हणालो तेव्हा माझा आवाज फाटला आणि तो म्हणाला, “जाऊ दे, घशाला तान देऊ नको.”

परत जयंतीचा महिना आला. सराव या वेळी विहाराच्या अंगणात, उघड्यावर झाला. वंदना किशोर घेणार, मी खालून उचलणार, हे मीच सांगितलं. कार्यक्रमाच्या दिवशी, मंचाच्या मागं, किशोरनं पानाचा डबा उघडला. काथ, चुना, बडीशेप, खोबरं. विडा बांधला आणि माझ्यापुढं धरला.

मामा बाजूला होता. तो बघत होता. ढोलकीवाला ढोलकी कसायची सोडून बघत होता. माझा हात पुढं होत होता, तेवढ्यात माय मधे आली.

तिनं विडा किशोरच्या हातातून घेतला. सोडला. पान तळहातावर पसरलं, बोटानं काथ सारला, खोबरं उचलून उजेडात बघितलं, वास घेतला. किशोर हात मागं बांधून उभा होता, शाळेत तपासणीला वही दिल्यासारखा.

मग मायनं विडा परत बांधला आणि स्वतःच्या तोंडात घातला. बराच वेळ चावला.

“चुना जास्त झालाय,” ती किशोरला म्हणाली. “त्याला दुसरा लाव.”